दोघींचा वाटा

रविवार, ७ मे

धाकटे,

हे पत्र म्हणजे समेट नाही, आधीच सांगून ठेवते. एका ठिकाणी तुझं नाव सांगावं लागलं. ते तुला माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी लिहितेय. दुसरीकडून कळणार तरी कसं म्हणा. तू एवढ्या लांब, आणि आपल्या दोघींनाही ओळखणारं माणूस आता राहिलंय कोण?

तर झालं असं. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे मोकळं आवार आहे बघ, तिथे हल्ली शनिवारी सकाळी एक टेम्पो उभा असतो. गावाबाहेरच्या एका लहानशा मळ्यातली भाजी घेऊन येतो. पण ही भाजी बाजारात विकतात तशी विकत नाहीत. हंगाम सुरू होताना आपण मळ्यात वाटा घ्यायचा. मग हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी जे काय उगवलं असेल, त्यातलं आपल्या वाट्याचं खोकं उचलायचं. गाजरं आली तर गाजरं, गारांनी झोडपलं तर नुसता पाला. कुरकूर करायची नाही. मला हे पटलं. आपण काही निवडायचंच नाही म्हटल्यावर डोक्याचा अर्धा ताप कमी. बाजारात दोनच गाजरं मागितली की भाजीवाला कसा बघतो ते तुला माहीत नाही. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही.

मळ्याची मालकीण स्वतःच टेम्पोच्या फळीवर बसून नावं घेत होती. चाळिशीची असेल. उन्हाने रापलेली, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. वरचे दात किंचित पुढे आणि डावीकडची खालची दाढ काढलेली. झालं हिचं सुरू, असं म्हणशील. पण जिने जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्या, तिने माणसाच्या तोंडात नाही बघायचं तर कुठे बघायचं?

"घरात माणसं किती?" तिने विचारलं.

"का?"

"एकट्या माणसाला वाटा देत नाही आम्ही. मागे दिले होते. अर्धी भाजी कुजवतात आणि बोलत पण नाहीत. रक्त आटवून पिकवलेलं मला उकिरड्यावर बघवत नाही, मावशी. कमीत कमी दोघं पाहिजेत."

माझ्यामागे रांग होती. सगळे कुणाकुणाबरोबर आलेले. सायकलवाला दुकानाच्या मागच्या दारात उभा राहून ऐकत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही दोघी बहिणी असतो."

आता हे अगदीच खोटं नाही. तुझ्या घड्याळवाल्याशी लग्न करून तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली, पण दारावरच्या पाटीवर अजून दोघींची नावं आहेत. तू काढ म्हणाली नाहीस, आणि मी काही या वयात स्टुलावर चढणार नाही.

"बहीण काय खात नाही?" तिने विचारलं.

"वांगं. घशात खाजतं तिच्या."

हे सांगायला मात्र मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

कळवायचं होतं ते एवढंच. उत्तराची घाई नाही.

ताई


शनिवार, २० मे

धाकटे,

दोन खोकी झाली. पहिल्यात पालक, मुळे, पातीसकट कोवळे कांदे आणि कसली तरी कडसर पानं. दुसऱ्यातही तेच, फक्त पालक आणखी. शिजला की पालक मूठभर होतो हे खरं, पण तुझ्या वाटणीची मूठही मलाच खावी लागते.

या मळ्याची एक रीत आहे. रिकामं खोकं परत नेताना त्यात आठवड्याची सालं, देठं, शेंगांचे दोर असं सगळं भरून न्यायचं. ते त्यांच्या खताच्या खड्ड्यात जातं. विकतचं खत ते वापरत नाहीत, त्यामुळे तिथे सालांना भारी मान. टेम्पोशेजारी एक मोठं पिंप असतं. आपण खोकं मळेवालीच्या हातात द्यायचं, ती ते पिंपात उलटं करते आणि करताना बारीक नजरेने बघते. कोणी काय खाल्लं, कोणी काय टाकलं, सगळं तिला दिसतं. माझ्यापुढे एक निवृत्त बस ड्रायव्हर बायकोला घेऊन आला होता. त्याला म्हणाली, "काय हो ड्रायव्हरसाहेब, मुळ्याचा पाला टाकलात? भाजी होते त्याची!" एवढा जाडजूड माणूस, शाळेतल्या पोरासारखा खाली बघायला लागला.

माझं खोकं उलटं केलं आणि म्हणाली, "दोघींच्या मानाने सालं कमीच की."

"सालासकट खातो आम्ही."

"छान करता. आणि बहीण बरी आहे ना?"

धाकटे, तू गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. कामावर मालक विचारत नाहीत. तुझा विषय काढला की मी दिवसभर धुसफुसते, असं त्यांचं मत आहे. मी मळेवालीला म्हटलं, "बरी आहे. गुडघा तेवढा धरतो तिचा." का म्हटलं कोण जाणे. तुझे गुडघे कसे आहेत ते मला कुठे ठाऊक? पण तिने लगेच कुठला गुडघा, जिना चढवतो का, शेकता की नाही, असं सगळं विचारलं, आणि मी सांगत गेले. डावा. चढवतो, पण उतरताना त्रास होतो. शेकते मीच, रोज. घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं. मग कुलूप काढलं, खोकं ओट्यावर ठेवलं आणि पालक निवडायला बसले.

निवडता निवडता तुझं ते शेवटचं पत्र आठवलं. "मागची खोली रिकामीच आहे, ये राहायला, तुझीही सोय होईल." सोय! मी काय पावसाळी छत्री आहे, मागच्या खोलीत सोय करून ठेवायला? त्याला मी उत्तर दिलं नाही, आणि मग तूही गप्प झालीस. बरोबरच आहे. हट्टाला आपण दोघी एकाच आईच्या लेकी.

पण खोली कुठल्या रंगाची आहे तेही तू लिहिलं नव्हतंस.

ताई


सोमवार, १२ जून

धाकटे,

रात्र थोडी आणि सोंगं फार, अशी माझी गत झाली आहे.

भाजी वाढतच चालली. आता मटार, कोबी, गाजरं आणि बीट. बीट तर दर शनिवारी, मुठीएवढं एकेक. तुला ठाऊक आहे मी बीट खात नाही. बीट खाणारी तू. लहानपणी बीटाने ओठ रंगवून आरशापुढे उभी राहायचीस आणि आईचा मार माझ्या पाठीवर, कारण लक्ष ठेवायचं काम माझं. मळेवालीला मात्र मी सांगून बसले आहे की बहीण बीटावर जीव टाकते. त्यामुळे ती दोन जास्तच घालते. "हे धाकट्या मावशींना," म्हणते. तिने तुला पाहिलेलंही नाही आणि तू तिची धाकटी मावशी झालीस.

तू म्हणशील, वाटून टाक ना. टाकली. कामावर पॉलिश करणाऱ्या मुलीला कोबी दिला. ती खूश. पण कोबी गेला तशी त्याची वरची पानंही गेली, आणि शनिवारी खोक्यात भरायला माझ्याकडे काही उरेना. दिलेल्या कोबीची पानं परत मागायला जाऊ? म्हणजे भाजी देताही येत नाही. मग गाजरं सोलताना मी सालं जाड काढायला लागले. मटाराची टरफलं दाबून न भरता सैल सोडते, म्हणजे खोकं भरल्यासारखं दिसतं. दोघींपुरतं शिजवते आणि सोमवारची भाजी गुरुवारपर्यंत खाते. परवा कोबीचा वास आला म्हणून मालकांनी खिडकी उघडली. मी मेणात दात बसवत होते, मान वर केली नाही.

वरच्या मजल्यावर नवीन बाई आलेली तुला माहीत नाही. नर्स आहे. वेळी-अवेळी येते आणि आली की खुर्च्या ओढते. मी केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं. जिन्यात भेटली तेव्हा तिने काही म्हटलं नाही, मीही नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकींना बघून किल्ल्या शोधायला लागतो. तिलाही भाजी देता आली असती, पण आता कुठल्या तोंडाने देणार?

तू म्हणशील, मग वाटा सोडून दे. सुचलं होतं मलाही. पण सोडला तर शनिवारी सकाळी मी काय करू, ते तू सांग. बाकीचे दिवस मी कवळ्यांशी बोलते. कवळ्या हसतात, पण उत्तर देत नाहीत. शनिवारी रांगेत पाच-सहा माणसं तरी विचारतात, काय म्हणता दोघी. ड्रायव्हरची बायको तुझ्या गुडघ्याला लावायला कसलंसं तेलही देणार आहे.

तू ठीक आहेस ना? खरोखरची.

ताई


रविवार, २ जुलै

धाकटे,

काल माझी शोभा झाली. तुझीही झाली, म्हणून लिहिणं भाग आहे.

बीटं साठली होती. खालच्या फडताळात ठेवली होती, ती मऊ पडून वास मारायला लागली. केराच्या डब्यात टाकायचा धीर होईना. तिचं ते उकिरड्याचं बोलणं कानात. मग मी शहाणपणा केला. अखंड बीटं खोक्याच्या तळाशी रचली, त्यावर गाजराची सालं, त्यावर मटाराची टरफलं. म्हटलं, पिंपात गेलं की गेलं. खतच व्हायचं आहे ना, अखंड काय आणि साल काय.

तिने खोकं उलटं केलं. नेहमीसारखी सालं आधी सुळकन पडली आणि मग धबाधब बीटं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं, त्यामुळे ती वरून घरंगळली आणि टेम्पोखाली, रांगेत, लोकांच्या पायांत गेली. ड्रायव्हरसाहेब वाकून गोळा करायला लागले. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"मावशी," मळेवाली म्हणाली, "ही अख्खी बीटं आहेत."

"बहिणीने भरलं खोकं," मी म्हणाले. "तिला हल्ली नीट दिसत नाही."

"गुडघा होता ना त्यांचा?"

"डोळेही."

हसू नकोस. म्हणजे हस. मीही घरी आल्यावर हसले, पण एकटीने हसलेलं लवकर संपतं. लहानपणी तू केलेलं माझ्या माथी यायचं, त्याची ही परतफेड समज.

पण ती हसली नाही. हातातलं बीट तिने पदराला पुसलं, दाबून बघितलं आणि म्हणाली, "बावीस तारखेला बटाटे काढायचेत. दर वाट्यामागे दोन माणसं लागतात, सगळ्यांना सांगितलंय. धाकट्या मावशींना घेऊन या. बसता येत नसेल तर पोती धरतील. पण आणाच. मला बोलायचंय त्यांच्याशी."

आता ऐक. मी तुला कधी काही मागितलेलं नाही. बावीस तारखेला शनिवार आहे. एका दिवसासाठी ये. शुक्रवारी येऊन रविवारी गेलीस तरी चालेल. तुझी खाट आहे तशीच आहे. मागचं काही उकरायचं नाही, मागच्या खोलीचंही नाही. घड्याळवाल्यांना काय सांगायचं ते तू ठरव. तिथे मळ्यावर तुला फक्त थोडं लंगडावं लागेल आणि बीटांबद्दल माफी मागावी लागेल. बोलणं मी सांभाळीन.

तू आली नाहीस तर माझा वाटा जाईल. बटाट्यांचं काय, बटाटे कुठेही मिळतात. पण शनिवार जाईल गं.

ताई


गुरुवार, १३ जुलै

तुझं कार्ड मिळालं.

"शनिवारी जमणार नाही. पुढे बघू."

इतक्या दिवसांनी फक्त एवढे शब्द. घड्याळवाल्याच्या घरात वेळ मोजून वापरतात हे कळलं. मी ते कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, कोपऱ्यात काही लिहिलंय का. नव्हतं. अक्षर मात्र तुझंच होतं, 'ळ' अजून तसाच फुगीर काढतेस.

पुढे म्हणजे कधी, हे तू लिहिलं नाहीस. मीही विचारणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं?

तुला ताप आला आहे असं मी मळ्यावर सांगेन.


रविवार, २३ जुलै

धाकटे,

ताप सांगितला नाही. सांगणार होते. बसमध्ये पाठ केलं होतं. परवापासून ताप, डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हटलंय, असं सगळं.

मळा वाटला होता त्याहून लहान आहे. एक विहीर, एक पत्र्याची शेड, आणि मधोमध तो खताचा खड्डा, ज्यात माझी एवढी सालं गेली. बटाट्याच्या सऱ्या वाटून दिल्या. दोघांत एक सरी. एकाने काटेफावड्याने माती सैल करत पुढे जायचं, दुसऱ्याने मागून बसत बसत बटाटे वेचायचे. म्हणून जोडी लागते, उगाच ती हट्ट करत नाही. ड्रायव्हरसाहेब खणत होते आणि त्यांची बायको मागून वेचता वेचता त्यांना बोलत होती, अहो सावकाश, अहो तो कापलात.

मी आधी थोडं खणायचे, मग फावडं टाकून मागे यायचे, वेचायचे, परत पुढे. थोड्याच वेळात सगळे सरीच्या टोकाला आणि मी सुरुवातीलाच. पाठ मोडून आली.

मळेवाली लांबून बघत होती. मग आली. मी तोंड उघडलं, परवापासून ताप, असं म्हणायला. तेवढ्यात तिने हातातलं काहीतरी माझ्या सरीत ठेवलं. लाकडी स्टूल होतं, वीतभर उंचीचं, नवं कोरं, खाली रुतू नये म्हणून दोन रुंद पट्ट्या मारलेल्या.

"आमच्या ह्यांनी केलंय," ती म्हणाली. "धाकट्या मावशींसाठी. यावर बसून वेचतील, गुडघा दुमडायला नको. कुठायत त्या? शेडमध्ये बसल्यात का?"

धाकटे, त्या स्टुलाच्या कडा त्याने घासून गोल केल्या होत्या. तुला लागू नये म्हणून.

मी म्हणाले, "ती आली नाही. ती माझ्याकडे राहतच नाही. लग्न होऊन गेली, दोन वर्षं झाली. गुडघा मी बनवला. डोळेही. घरात मी एकटीच असते."

"आणि बीटं?" ती म्हणाली.

"मी बीट खात नाही."

"मग पहिल्याच दिवशी नाही सांगायचं? मी मूर्खासारखी दर शनिवारी दोन जास्त घालत होते. इथे कुटुंबं थांबलीत वाट्यासाठी, पोराबाळांची."

तिला राग आला होता आणि तो खरा राग होता, गोड बोलून झाकलेला नव्हता. मी माफी मागितली. मग तिने माझं फावडं उचललं आणि माझी सरी खणायला लागली. मी मागून वेचत गेले. सरी संपेपर्यंत ती थांबली नाही. ती खणताना दात आवळते, त्यामुळेच दाढ गेली असणार. शेवटी तिने फावड्याची माती पायाने काढली आणि म्हणाली, "आजचे बटाटे न्या. काढलेत तुम्ही. पण नियम तो नियम. पुढच्या शनिवारी दुसरं माणूस घेऊन या, खरंखुरं. नाही आणलंत तर वाटा मी दुसऱ्याला देणार."

जाताना स्टूल तिने परत नेलं. ते मला फार लागलं. माझं नव्हतंच, तरी लागलं.

घरी येऊन बटाटे धुतले आणि नळ सोडूनच रडले, म्हणजे वर ऐकू जाऊ नये. तुझ्यावरचा राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. पुढच्या शनिवारी मी कोणाला नेणार? माझ्याकडे एक बहीण होती, ती वापरून झाली.

ताई


रविवार, ३० जुलै

धाकटे,

आठवडाभर मी माणूस शोधत होते. ऐकायला कसं वाटतं बघ.

मालकांना विचारलं. त्यांची बायको घरामागेच भाजी लावते. पॉलिशवाल्या मुलीला विचारलं, तिच्या सासूला दुसऱ्याच्या ओट्यावर निवडलेली भाजी चालत नाही. सायकलवाल्याला विचारायला गेले तर तो आधीच ड्रायव्हरसाहेबांच्या वाट्यात. गुरुवार संध्याकाळ झाली. मग मी बटाट्यांची पिशवी घेतली आणि वर गेले.

दार उघडायच्या आधीच नर्सबाई आतून म्हणाली, "काकू, खुर्च्यांना कापड लावलंय मी! केव्हाच लावलंय!"

आणि खरंच लावलं होतं. चारही पायांना जुन्या मोज्यांचे तुकडे बांधलेले. मी आत गेले आणि मला आठवेना की खुर्ची ओढल्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला. आवाज बंद झालेलाही मला कळला नव्हता. मी खाली बसून चिडतच होते.

तिला मी सगळं सांगितलं, बीटांसकट. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दात चांगले आहेत तिचे, पण हिरड्या सुजलेल्या. नीट खात नसणार. विचारलं तर म्हणाली, "मला अंडी तेवढी करता येतात. बाकी डबाबंद." कामाच्या वेळा फिरत्या, बाजारात जायला होत नाही, आणि एकटीसाठी कोण चूल पेटवणार. हे शेवटचं ती म्हणाली, मी नाही.

"भाजी मी निवडून, चिरून देईन," मी म्हटलं. "तू नुसती शिजव."

"मला शिकवावं लागेल, काकू."

"शिकवीन."

"आणि चिडणार?"

"चिडेन."

काल सकाळी ती ड्यूटीवरून थेट तिथेच आली, डोळे तारवटलेले. रांगेत माझ्या खांद्याला टेकून जवळजवळ झोपलीच. मळेवालीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण ह्यांच्या?"

"मी ह्यांच्या वर राहते," ती म्हणाली. "बीट खाते."

मळेवालीच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण तिने ते लगेच आवरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे आता धाकट्या मावशींना काढू ना वाट्यातून?"

मला हो म्हणता येईना. मागे माणसं उभी होती, टेम्पोवर ऊन आलं होतं, आणि मी नुसती उभी. वांगं न खाणारी, गुडघा धरणारी, बीट आवडणारी अशी तू दर शनिवारी माझ्याबरोबर तिथे होतीस. पत्रांना एका कार्डाने उत्तर देणारी जी तू आहेस, तिच्यापेक्षा ती मला जास्त जवळची झाली होती. शेवटी नर्सबाईने डोळे उघडले आणि म्हणाली, "काकू, काय झालं?" तेव्हा मी म्हटलं, "काढा." मळेवालीने मान हलवली आणि खोकं फळीवरून खाली दिलं. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून घरी आणलं. जड होतं.

आज दुपारी तिला कोबी चिरायला शिकवला. बोट कापून घेतलं. नर्स असून स्वतःच्या बोटाला घाबरते.

तर असं आहे. वाटा राहिला. शनिवारही राहिला. बटाटे निघाले, माफी मागायची ती मीच मागितली. आता मळ्यावर तुला कोणी बोलवत नाही, तुझी तिथे कुणाला गरज नाही. तुला इथे बोलवायला माझ्याकडे एकही निमित्त शिल्लक नाही. काल रात्रीपासून मी शोधतेय, एक सापडलं नाही.

धाकटे, मला तुझ्यावाचून करमत नाही. काही काम नाही. ये.

ताई